एकसष्ट नळ्या आणि एक गोळी

आपल्या रायफलची नळी झिजली आहे हे मान्य करायला मावशीला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तिने दोनदा चष्मा बदलला, तीनदा काडतुसांची कंपनी बदलली, चहा सोडला, परत धरला, आणि उजव्या खांद्याला मालिश करून घेतलं. नवरा बदलायचा काय तो राहिला होता. काका घोरतात, त्यामुळे झोप मोडते, त्यामुळे सकाळी हात हलतो, असंही तिचं एक म्हणणं होतं. त्यावर काका म्हणाले, "मी तीस वर्षं घोरतोय आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं तू टीममध्ये आहेस. म्हणजे घोरणं मानवलंच म्हणायचं."

टीम म्हणजे शूटिंग क्लबची चौघांची टीम. पालथं झोपून पन्नास मीटरवरच्या कार्डावर साठ गोळ्या मारायच्या, एका गोळीला जास्तीत जास्त दहा गुण. मावशीला या टीममधून काढायचं तर क्रेन मागवावी लागेल, असं सगळे धरून चालले होते. पण या वर्षी पहिल्या तीन जागा तरण्या मंडळींनी घेतल्या. उरलेल्या चौथ्या जागेसाठी रविवारी दोघांत निवड होणार होती. एक मावशी आणि दुसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना मावशी पाठीमागे 'दाढ' म्हणायची. एकदोनदा तोंडावरही म्हणाली होती, पण डॉक्टर सभ्य गृहस्थ, त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

"साठीच्या बाईला टीममधून कुणी काढत नाही," मावशी मला म्हणाली होती, "पण एकदा बाहेर पडली की परत घेतही नाही." रविवारबद्दल ती एवढंच गंभीरपणे बोलली. बाकी सगळं दाढेबद्दल होतं.

नवी नळी सोमवारी आली. जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली. सोबत कारखान्यात ती चालवून पाहिल्याचं कार्ड होतं. तीन गोळ्या, तिन्ही एकाच भोकात. मावशीने ते कार्ड काकांना दाखवलं, शेजारणीला दाखवलं, मग मला.

"तीन गोळ्यांवरून काही कळत नाही," मी म्हणाले.

माझी नोकरी मापं तपासायची आहे. लोक आपली वजनं, पट्ट्या, मायक्रोमीटर आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि ती किती खोटं बोलतात ते आम्ही सहीशिक्क्यासह लिहून देतो. घरात या नोकरीला फारसा मान नाही. मावशी मला 'दशांश' म्हणते.

"एकाच भोकातून तीन गेल्यात, दशांश. आणखी काय पाहिजे? चौथी मागे वळून तुला नमस्कार करायला हवी होती का?"

"त्यांनी अशी दहा कार्डं मारली असतील आणि त्यातलं बरं तुला पाठवलं असेल. क्लबच्या ओळखपत्रावर तू कुठला फोटो लावलायस?"

"वीस वर्षांपूर्वीचा," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "छान आलाय."

शिवाय क्लबची एक रीत होती. जुनी नळी काढून नवी बसवायची असेल तर आधी ती क्लबच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखालून जायला हवी. मिस्त्री 'सैल' म्हणाले की ती नळी परत कारखान्याला. ते कधी कारण सांगत नसत आणि कुणी विचारतही नसे. शुक्रवारपर्यंत नळी न आवडल्यास परत करता येणार होती, म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही ती घेऊन त्यांच्याकडे गेलो.

मिस्त्रींची खोली रेंजच्या मागे होती. पत्र्याचं छप्पर, एक लांब बाकडं, त्यावर वस्तू आवळून धरायचा व्हाइस, आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची पांढरी रेघ मारलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तर त्याचं भूत तरी जागेवर असे. मिस्त्रींनी नळी व्हाइसमध्ये लाकडाच्या गुटक्यांत धरली आणि हात धुतले. मग फळीवरून एक पितळेची डबी काढली. डबीत मखमल आणि मखमलीवर शिशाची एक गोळी.

पद्धत साधी आहे आणि खरीही आहे. शिशाची गोळी तेल लावून मागच्या बाजूने नळीत बसवायची आणि सळईने हळूहळू पुढच्या तोंडाकडे ढकलत न्यायची. शिसं मऊ, ते नळीतल्या पीळदार चरांत दबून बसतं. नळी कुठे घट्ट आहे, कुठे सैल आहे, ते सळईवरच्या हाताला कळतं. सगळीकडे सारखी आणि तोंडापाशी किंचित जास्त घट्ट, ती नळी चांगली. पोकळ वाटली तर वाईट.

मिस्त्रींनी डोळे मिटून ढकलायला सुरुवात केली. गोळी लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि पलीकडे फडक्यावर पडली.

"सैल," मिस्त्री म्हणाले.

"कुठं?" मावशीने विचारलं.

"सगळीकडं. ही नळी नाही ताई, ही नळाची पाइप आहे. तोटी बसवा आणि बागेला पाणी घाला." त्यांनी मान हलवली. "आजकाल कारखान्यांत मन लावून काम करतंय कोण."

मिस्त्रींनी गोळी उचलली, पितळेचं पॉलिश लावलेल्या फडक्याने चमकेपर्यंत घासली आणि डबीत ठेवली. मग खिळ्याला दोरीने टांगलेल्या वहीत लिहिलं: ६१, सैल.

"ही गोळी किती दिवस वापरताय?" मी विचारलं.

"दिवस?" मिस्त्रींना ते लागलं. "अकरा वर्षं. माझ्या उस्तादांनी जाताना दिली. या वहीतली एकूण एक नळी हिनं पारखलीय."

"वही बघू का?"

"बघा की. लपवण्यासारखं काय आहे त्यात."

नव्हतंच. स्वच्छ अक्षर, एका ओळीत एक नळी: तारीख, कुणाची, आणि एक शब्द. घट्ट, ठीक किंवा सैल. मी उभ्या उभ्या मोजलं. पहिल्या वीस नळ्यांत तीन सैल होत्या. पुढच्या वीसांत नऊ. त्यानंतरच्या एकवीसांत वीस. जी एक घट्ट निघाली होती तिच्यापुढे नंतर लिहिलं होतं, 'आत गंज'.

घरी येऊन मावशीने नळी परत तेलकट कागदात गुंडाळायला घेतली.

"थांब," मी म्हणाले, आणि ते आकडे तिच्यासमोर टेबलावर मांडले. "एक तर गेल्या अकरा वर्षांत जगातले सगळे नळीवाले हळूहळू आणि ठरवून बिघडत गेले. नाहीतर गोळी बारीक झालीय."

"मिस्त्रींची गोळी?" मावशीचा आवाज असा, की मी मिस्त्रींच्या बायकोबद्दल काही बोलले असावे.

"शिसं आहे ते. प्रत्येक नळीतून जाताना थोडं दबतं. त्यावर हे तिला दरवेळी पॉलिशनं घासतात. अकरा वर्षं. तुला घासलं असतं तर तूही सैल पडली असतीस."

"ही बारीक व्हायची नाही," काका म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी परत वर्तमानपत्र वर धरलं. मग आतूनच विचारलं, "शिसं पाहिजे का तुला?"

काकांना मासेमारीचा नाद आहे. दर रविवारी ते तळ्यावर गळ टाकून बसतात आणि आजवर घरी एकही मासा आलेला नाही. गळाला बांधायच्या शिशाच्या गोळ्यांनी मात्र त्यांचा एक डबा भरलेला होता. आम्ही त्यातल्या सहा निवडल्या. काका म्हणाले, त्या डब्यातल्या कशाचा तरी कुणाला उपयोग होताना ते पहिल्यांदाच बघत होते.

बुधवारी परत निघताना मावशीने मला दारातच बजावलं. "हे बघ, मिस्त्री मानी माणूस आहे. एकदम अंगावर जाऊ नकोस. इकडचं तिकडचं बोल, मग हळूच विषय काढ."

"बरं."

खोलीत पाऊल टाकल्याटाकल्या ती म्हणाली, "मिस्त्री, ही म्हणतेय तुमची गोळी खोटी आहे."

मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग डबीकडे. मी आकडे सांगितले. मी थांबल्यावर त्यांनी खणातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, डबी उघडली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या गोळीचं माप घेतलं.

"पाच पूर्णांक छप्पन्न," ते म्हणाले. मायक्रोमीटर पुसून परत घेतलं. "छप्पन्न."

"मिलिमीटर," मी म्हणाले.

"मग काय मैल?"

ते फारच चांगलं लक्षण होतं. मी काकांच्या शिशातली एक गोळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, नखाने ओरखडा काढला, लाकडी हातोडीने हलके ठोकून हवी तेवढी फुगवली, तेल लावून नळीत बसवली. या वेळी ती नुसत्या हाताने आत गेली नाही, ठोकावी लागली. मग त्यांनी सळई लावली आणि डोळे मिटले.

सळई सरकत होती, पण जडपणे, एका चालीने. मिस्त्रींच्या कपाळावर आठी आली. मध्यावर ते थांबले, हात पँटला पुसला, पुन्हा ढकलू लागले. तोंडापासून चार बोटांवर सळई किंचित अडली आणि त्यांनी जोर वाढवला. गोळी फडक्यावर पडली. तिच्या अंगावर चरांचे ठसे असे उठले होते, की मोजता आले असते. त्यांनी ती मापली. पाच पूर्णांक चौसष्ट.

"कशी आहे?" मावशीने विचारलं.

"अख्खी एका जिवाची आहे. शेवटची चार बोटं जरा आवळलेली." मिस्त्री बोलायचे थांबले. "मी बघितलेल्या सगळ्या नळ्यांत..." परत थांबले. "जाऊ द्या. माझ्या बघण्याचं आता काय सांगू."

मावशीला एवढा आनंद झाला होता, की मिस्त्रींचं शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही. ती नळी व्हाइसमधून सोडवत असताना मिस्त्रींनी वही खिळ्यावरून काढली आणि खालून वर बोट फिरवत गेले. मग फोन उचलला.

"कुणाला करताय?" मावशीने सहज विचारलं.

"सगळ्यांना. शेवटच्या एकवीसांतलेच, तुम्हाला सोडून, एकोणीस जण आहेत. चांगल्या नळ्या परत पाठवायला लावल्यात मी लोकांना. ज्यांच्याकडं अजून असतील त्यांना तरी सांगायला हवं." बोट एका ओळीवर टेकलेलं होतं. "बावन्न नंबर तर इथंच आहे. परत पाठवायची मुदत टळली होती म्हणून ठेवून घेतली त्यांनी. दातांचे डॉक्टर."

मावशीचे हात व्हाइसवरच राहिले.

"मिस्त्री," ती म्हणाली, "सोमवारी करा की फोन."

"का?"

"का म्हणजे? रविवारी निवड आहे. त्याच्या रायफलला झिजकी नळी आहे, माझ्या रायफलला नवी लागतेय. अकरा वर्षं ती गोळी खोटं बोलत होती, आणखी चार दिवस बोलली तर आभाळ कोसळतं का?"

"ताई," मिस्त्री म्हणाले, "कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मायक्रोमीटर डब्यात ठेवण्यात गुंतले.

"तू तरी सांग यांना. तुझंच पाप आहे हे."

"आमच्याकडे माप चुकलेलं सापडलं की त्याच दिवशी सगळ्यांना पत्रं जातात," मी म्हणाले.

"तुमच्याकडचं कुणी विचारलं?" मावशी म्हणाली. पण ती मिस्त्रींच्या आणि फोनच्या मध्ये उभी होती, ती बाजूला झाली.

डॉक्टरांचा आवाज फोनमधून आम्हा तिघांनाही ऐकू येत होता. हो, नळी आहे. दवाखान्यातच आहे. खिडकी अरुंद आहे, तिथे पडद्याची दांडी म्हणून बसली ती बरोबर.

"काढा," मिस्त्री म्हणाले. "नळी चांगली असणार. चूक माझी होती."

"आत्ता? खुर्चीत पेशंट आहे, त्याचं तोंड उघडं आहे."

"तोंड राहू द्या उघडं. पडदा काढा आणि नळी घेऊन या."

गुरुवारी मावशीची नळी बसली. त्याआधी मी तिला जुन्या नळीतून पन्नास गोळ्या मारायला लावल्या होत्या, पाच-पाचची दहा कार्डं, आणि आता नव्या नळीतून तेवढ्याच, त्याच काडतुसांनी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारायची, म्हणजे नळीचं माप निघेल, मावशीच्या हाताचं नाही. "ते बरं," काका म्हणाले. जुन्या नळीच्या गोळ्या सरासरी चोवीस मिलिमीटरच्या घेरात पडल्या, नव्या नळीच्या तेरा. जुन्या नळीचं एक कार्ड मात्र बारा मिलिमीटरचं निघालं, नवीच्या निम्म्या कार्डांपेक्षा सरस. मावशीला ते भिंतीवर लावायचं होतं.

"म्हणून तर म्हणते एका कार्डावरून..."

"कळलं, कळलं. तुझ्याशी लग्न करणाऱ्यानं दहा जन्मांची सरासरी काढून मगच हो म्हणावं."

घरी येताना तिने सगळी कार्डं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाली, "नळी चांगली आहे हीच आता पंचाईत झाली. रविवारी चुकलं तर नाव कुणाचं घ्यायचं?"

"मी आहे ना," काका म्हणाले. "शनिवारी जरा जोरात घोरतो."

रविवारी दोघे शेजारशेजारच्या पट्ट्यांवर झोपले. डॉक्टरांची नळी मिस्त्रींनी काकांच्याच शिशाने पारखली होती आणि ती उत्तम निघाली होती. तिच्या पाठीवर पडद्याच्या कड्यांचे बारीक ओरखडे होते.

"ताई, थोडंसं दुखेल हं," डॉक्टर म्हणाले. सवयीने म्हणाले की चिडवायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

"भूल घेऊन आलाय ना? मग झोपा," मावशी म्हणाली.

मी मागच्या बाकावर बसून दुर्बिणीतून मावशीचं कार्ड बघत होते. मिस्त्री माझ्या शेजारी होते आणि कुठेच बघत नव्हते. पन्नास गोळ्या झाल्या तेव्हा दोघांचे गुण सारखे होते. मग मावशीने तीन दहा मारले, एक नऊ, पुन्हा तीन दहा. डॉक्टर तिच्याहून सावकाश मारत होते आणि त्यांचे दहाच पडत होते. अठ्ठावन्नाव्या गोळीला मावशीने श्वास धरला, जरा जास्तच धरला, रायफल खाली घेतली, परत उचलली. ती गोळी नवावर गेली. मला ती जाताना दिसली नाही, अर्थातच, पण मावशीचा खांदा दिसला.

सेक्रेटरींनी कार्डं दोनदा मोजली. मावशी पाचशे सत्त्याऐंशी, डॉक्टर पाचशे एकोणनव्वद. चौथी जागा डॉक्टरांची. मावशी राखीव.

"साठ गोळ्यांत दोन गुणांचा फरक," मी तिच्या जवळ जाऊन म्हणाले, "त्यावरून कोण सरस ते काही सिद्ध होत..."

"दशांश, गप्प बस."

काका, सेक्रेटरी, तिघं तरणे, मिस्त्री, सगळे आजूबाजूला घुटमळत होते. मावशी आता काय सांगणार याची सगळ्यांना उत्सुकता होती. वारा थोडा होता. चष्म्यावर घाम आला असू शकत होता. मिस्त्री तर उभे राहिले होते ते बोलणी खायच्या तयारीनेच. फोन केला नसता तर जागा कुणाची असती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मावशीने सळईला फडकं गुंडाळून नळीतून एकदा काढलं आणि रायफल पेटीत ठेवली.

"नळी चांगली आहे," ती मिस्त्रींना म्हणाली. "वहीत नीट करा. सैल लिहिलंय तुम्ही."

काकांनी मला कोपराने ढोसलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कशावरच काही ढकललं गेलं नव्हतं. निदान गाडीत बसेपर्यंत. गाडीत बसल्यावर ती काकांना म्हणाली, "काल तुम्ही अजिबात घोरला नाहीत. मला सवय आहे त्याची, झोपच लागली नाही."

सोमवारी तिची दात साफ करून घ्यायची वेळ ठरलेली होती. ती रद्द करेल असं मला वाटलं होतं. उलट तिने मला गाडी काढायला सांगितली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांब, जड पुडकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्याच्या अरुंद खिडकीला पडदा नव्हता. रस्त्यापलीकडच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून थेट खुर्चीकडे बघत होता.

"हे काय आणलंत, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडद्याची दांडी. तो शिंपी कामधंदा सोडून लोकांच्या जबड्यांत बघत बसलाय. मला नाही चालायचं."

डॉक्टरांनी कागद सोडला. आतली वस्तू त्यांनी लगेच ओळखली. मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून त्यांनी आतून पाहिलं, सवयच ती.

"बरीच झिजलीय," ते म्हणाले.

"पडद्याला कुठं दहा मारायचेत," मावशी म्हणाली, आणि खुर्चीत जाऊन तोंड उघडून बसली.